बटण सेल गिळला तर पहिल्या तासात काय करायचं?

प्रश्न: दोन वर्षांच्या मुलाने रिमोटमधला चपटा सेल गिळला असावा, अशी शंका आली तर शौचातून पडेपर्यंत थांबावं का? सेल संपलेला असेल तर धोका कमी असतो का?

उत्तर १: थांबू नका. २० मिमीचा लिथियम सेल (सीआर२०३२) अन्ननलिकेत अडकला, तर ओल्या अस्तरातून वीज वाहते, ऋण बाजूला तीव्र अल्कली तयार होते आणि दोन तासांत खोल भाजतं. सेल फुटायची गरजच नसते. रिमोट चालवू न शकणाऱ्या सेलमध्येही तेवढी वीज उरलेली असते. एंडोस्कोपीची (तोंडातून दुर्बीण घालून सेल काढण्याची) सोय असलेल्या रुग्णालयात थेट जा. उलटी करवू नका.

उत्तर २: मूल वर्षापेक्षा मोठं असेल, नीट गिळत असेल आणि १२ तास उलटले नसतील, तर वाटेत दर १० मिनिटांनी २ चमचे (१० मिली) मध द्या, जास्तीत जास्त सहा वेळा. मध शोधत बसण्यात मात्र वेळ घालवू नका. बाकी खाणंपिणं बंद. एक्स-रेत नाण्यासारखं दिसलं तरी कडेला दुहेरी वर्तुळ (ही सेलची खूण) आहे का, हे विचाराच. गफलत इथेच होते.

उत्तर ३: नाकात घातला असेल तर थेंब टाकू नका, ओलाव्याने इजा वाढते. आणि रिमोटचं झाकण स्क्रूचंच हवं. चिकटपट्टी मुलं सहज सोलतात.