आश्रयार्थी, निर्वासित आणि ‘खपवून घेतलेले’

जर्मनीच्या आश्रय धोरणावरच्या एका लेखाचा अनुवाद करतेय. ‘असायलम सीकर’ला मराठीत काय म्हणावं? मी सगळीकडे ‘निर्वासित’ लिहून मोकळी झाले होते, तर संपादकांनी लाल रेघा मारल्या. उदाहरणार्थ, ‘१९९३मध्ये धोरण कडक झालं आणि निर्वासितांचा ओघ आटला.’ यात चुकलं काय?

– संपादकांचं बरोबर आहे. तुम्हाला हवा तो शब्द ‘आश्रयार्थी’. विद्यार्थी, परीक्षार्थी यांच्यातलाच ‘अर्थी’: मागणारा. निर्वासित म्हणजे घरादारातून हुसकला गेलेला, मग त्याने कुठे अर्ज करो वा न करो. फाळणीनंतर उल्हासनगरच्या छावणीत आलेल्या सिंध्यांना आपण निर्वासितच म्हणायचो. ‘शरणार्थी’ हिंदी बातम्यांमुळे कानावर पडतो, पण मराठीत शरण जातो तो हत्यार टाकून. मला खटकतो.

– ‘परीक्षार्थी’ म्हणताय ते ठीक, पण पास झाल्यावर माणूस निर्वासित ‘होतो’ असं समजू नका. निर्वासितांविषयीच्या १९५१च्या जिनिव्हा कराराच्या व्याख्येत बसतो तो आधीपासूनच निर्वासित. सरकार ते फक्त मान्य करतं.

आता वाक्याकडे. १९९२मध्ये जर्मनीत सुमारे ४,३८,००० आश्रयार्थींनी अर्ज केले, १९९४मध्ये सुमारे १,२७,०००. आटले ते अर्ज. राजकीय छळ झालेल्यांना आश्रयाचा हक्क आहे, एवढं साधं वाक्य त्यांच्या राज्यघटनेत होतं. १९९३मध्ये त्याला अटी जोडल्या. जर्मनीच्या सीमेला लागून असलेले सगळे देश ‘सुरक्षित तिसरे देश’ (वाटेतले, जिथेच आश्रय मागता आला असता असे) ठरले, म्हणजे रस्त्याने आलेल्याला त्या हक्काचा आधारच उरला नाही. रोमानिया ‘सुरक्षित मूळ देश’ झाला, म्हणजे तिथे छळ होत नाही असं धरून चालायचं. तिथून तोवर भरपूर अर्ज येत होते. तेव्हा धोरणाचा परिणाम झाला, यात वाद नाही. पण त्याच वर्षांत बोस्नियातलं युद्ध टाळून सुमारे साडेतीन लाख माणसं जर्मनीत आली, आणि त्यांतल्या बहुतेकांना आश्रय नव्हे, ‘डुल्डुंग’, म्हणजे हद्दपारीला तूर्त स्थगिती मिळाली. ते आश्रयार्थींच्या आकड्यात शोधून सापडायचे नाहीत. निर्वासित मात्र होतेच की!

हा ‘डुल्डुंग’ माझ्या लेखातही आहे. ‘तात्पुरता निवास परवाना’ चालेल?

– नको. तो परवाना नव्हेच. हद्दपार करायचंय, पण तूर्त करता येत नाही, एवढंच त्या कागदावर म्हटलेलं असतं. मूळ क्रियापदाचा अर्थ सहन करणे. मराठीत नेमका शब्द ‘खपवून घेणे’, पण कायद्याच्या भाषेत तो शोभणार नाही. ‘हद्दपारीला स्थगिती’ लिहा आणि पहिल्यांदा येईल तिथे शब्दशः अर्थ सांगा.

– आणि ‘ओघ’ काढा. अर्ज आटत नाहीत, घटतात.

मग असं करते: ‘१९९३मध्ये धोरण कडक झालं आणि आश्रयासाठीचे अर्ज घटले, बोस्नियातून आलेल्या बहुतेक निर्वासितांची मात्र आश्रयार्थी म्हणून मोजदादच झाली नाही.’ लांबलंय, पण पाठवते.