महिनाभर आधीच सांगा
ताई, पगार हातात पडल्यावरच काम सोडते म्हणून सांगू का असं विचारलं तुम्ही, तर नका करू असं, महिनाभर आधीच सांगून द्या. मी नागपूरला मनीषनगरात तीन वर्षं एक पोरगी सांभाळली, तिची आई रोज मिहानला, म्हणजे विमानतळाजवळच्या कंपन्यांच्या भागात, ड्युटीवर जायची, ऐनवेळी सांगितलं असतं तर ती कुठून बाई आणणार होती? संध्याकाळी ती घरी आल्यावर समोर बसून सांगितलं, हातपाय कापत होते माझे. शेवटचे दहा दिवस नवीन बाई सोबत होती, पोरगी माझ्या ओढणीचा कोपरा धरल्याशिवाय झोपत नाही हे तिला दाखवलं नं ओढणी तिथंच ठेवून आली. फक्त शेवटची तारीख नं हिशोब व्हॉट्सॲपवर लिहून घ्याच, त्याआधीच्या एका घरी सगळं तोंडीच होतं तर पंधरा दिवसांचे पैसे बुडाले माझे.