सोलर पॅनल स्वस्त झाले म्हणून उन्हाच्या उष्णतेवरचं संशोधन थांबवायचं का?

पूर्णाकाठ: परवा एकाने लिहिलं की पॅनल एवढे स्वस्त झाल्यावर उष्णतेवर एसी चालवायचं नि पाणी शुद्ध करायचं संशोधन म्हणजे पैशाची नासाडी. मला अजिबात पटलं नाही. मी अकोल्याकडचा, खारपाण पट्ट्यातला. बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही, मे महिन्यात पारा 45 च्या पुढे, म्हणजे गारवा आणि गोडं पाणी दोन्ही पाहिजे. सिंगापूरला आणि नंतर सौदीच्या कौस्ट विद्यापीठात सिलिका जेलच्या (ओलावा शोषणाऱ्या दाण्यांच्या) मशीनवर काम झालंय, त्यात खाऱ्या पाण्याची कमी दाबावर वाफ होते आणि ती होताना गारवा मिळतो, वाफ जेल शोषून घेतं, मग सोलर हीटरच्या 70-80 अंश पाण्याने जेल तापवलं की तीच वाफ सुटते आणि थंड होऊन पिण्याचं पाणी हातात येतं. एकाच उष्णतेत दोन्ही कामं! हे आपल्याकडे नाही करायचं तर कुठे?

युनिटचा_हिशोब: भाऊ, आकडे बघा. पॅनल 100 भाग उन्हातून 20 भाग वीज देतो, चांगला एसी त्याचा साडेतीन पट गारवा करतो, झाले 70. तुमचा उन्हात पाणी तापवणारा कलेक्टर 50 भाग उष्णता पकडणार, उष्णतेवर गारवा करणारं लिथियम ब्रोमाइडचं साधं मशीन त्याच्या 0.7 पट गारवा देणार, म्हणजे 35. सिलिका जेल त्याच्याही खाली. पाण्याचं तर बोलूच नका, एक लिटरची वाफ करायला 0.6 युनिटच्या वर उष्णता जाते आणि समुद्राचं 1000 लिटर पाणी आरओने 3-4 युनिटात गोडं होतं.

बॉयलर_दादा: साध्या मशीनवरच का थांबलात? गुरुग्रामजवळ ग्वाल पहाडीला पुण्याच्या थरमॅक्सने 100 किलोवॅटचं ट्रिपल इफेक्ट, म्हणजे तीच उष्णता तीनदा वापरणारं मशीन सोलरवर चालवून दाखवलं. तसलं मशीन उष्णतेच्या 1.7 पटीच्या आसपास गारवा देतं, तुमच्याच हिशोबाने 85. आरसे लागतात, उष्णता 200 अंशाच्या वर न्यावी लागते, खर्च आहे, कबूल. पण तो खर्च खाली आणायलाच तर संशोधन लागतं ना, पॅनल काय पहिल्या दिवसापासून स्वस्त होते का?

युनिटचा_हिशोब: आणि मशीनची उष्णता बाहेर टाकणाऱ्या कूलिंग टॉवरला पाणी कुठून आणणार दादा? साधं अॅब्सॉर्प्शन मशीन (तेच लिथियम ब्रोमाइडचं) गारव्याच्या एका टनामागे तासाला 12 लिटरच्या आसपास पाणी नुसतं उडवतं. टँकरच्या गावात हे कसं चालेल?

माहेर_दर्यापूर: एसीचं तुम्ही बघा, मी पाण्याचं सांगते. आमच्या गावात आरओचा प्लांट आहे, निम्म्याहून जास्त पाणी रिजेक्ट म्हणून मागच्या नालीत जातं, ते आधीच्यापेक्षा खारट, तेच जमिनीत मुरतं आणि तेच परत बोअरला येतं. मेम्ब्रेन (गाळायचा पडदा) चोक झाला की महिना महिना कुलूप, मग बायका परत हापशावर. युनिट वाचले पण प्यायला काय? साधा सोलर स्टिल म्हणजे काळी टाकी, वर तिरपी काच, एका चौरस मीटरला दिवसाला 3-4 लिटर येतं. चिलीत लास सालिनासला 1872 मध्ये असाच मोठा प्लांट होता, नायट्रेटच्या खाणीवरच्या खेचरांना पाणी पाजायला, दिवसाला 20 हजार लिटरच्या वर देत होता. आपल्याकडे भावनगरच्या मीठ संशोधन संस्थेनेही गुजरातमध्ये गावासाठी बांधला होता. त्याचं पाणी दुप्पट कसं करता येईल यावर पैसा घाला की!

पूर्णाकाठ: ताई अगदी बरोबर. टॉवरच्या पाण्याचा मुद्दा खराच आहे, म्हणूनच मला जेलचं मशीन महत्त्वाचं वाटतं, त्यात वाफेचं गोडं पाणी हातात उरतं. 45 डिग्रीत हवेवर थंड करून ते किती देईल हे इथे, आमच्या मे महिन्यात मोजायला हवं, सौदीच्या समुद्राकाठी नाही.

युनिटचा_हिशोब: मोजा, जरूर मोजा, माझा विरोध मोजण्याला नाही. पण अख्खं मशीन व्हॅक्युमवर, कुठेतरी बारीक लीक झालं की बंद. फ्रीजचा मेकॅनिक प्रत्येक तालुक्यात सापडतो, व्हॅक्युमवाला मूर्तिजापूरला कोण आहे? आधी आयटीआयच्या पोरांना ते शिकवा, मग गावात मशीन बसवा.