मदत हवी आहे: पुरावा सुरू झाल्यावर दाव्यात फसवणुकीचा मुद्दा टाकता येतो का?

मंडळी, यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातून लिहून राहिलो, दिवाणी कोर्टाचा अनुभव असणाऱ्यांनी कृपया सांगा.

आईनं २०१९ मध्ये आजोबांच्या सहा एकर वावरात हिस्सा मागायला मामांवर वाटणीचा दावा टाकला. मामांनी २०२० ला जबाब दिला त्यात १९९८ चं रजिस्टर हक्कसोडपत्र दाखवलं. आई तेव्हापासून एकच सांगते की मी असा कागद कधी केलाच नाही. पण आधीच्या वकिलांनी दावा दुरुस्त केला नाही, २०२३ च्या सरतपासणीच्या (म्हणजे आईच्या स्वतःच्या साक्षीच्या) शपथपत्रात "दस्त मान्य नाही" एवढी एक ओळ टाकली. मामांनी जोडलेल्या झेरॉक्सला शेवटचं पानच नव्हतं अन ते आमच्याही ध्यानात आलं नाही.

आता नवीन वकिलांनी दुय्यम निबंधकाकडून नक्कल काढायला लावली, तर लिहून देणाराच्या जागी अंगठा! माझी आई सातवी शिकलेली, बचत गटाच्या रजिस्टरवर दर महिन्याला सही करते. तिचं १९९५ चं पोस्टाचं पासबुक सापडलं, त्यावर पण सहीच आहे, शेवटच्या अक्षराची शेपटी लांब ओढलेली, आजही तशीच ओढते. नक्कल हातात घेऊन ती बराच वेळ त्या अंगठ्यावर बोट ठेवून बसली होती, मला काही बोलता आलं नाही.

वकील म्हणतात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ६ रूल १७ खाली दावा दुरुस्तीचा अर्ज करू. पण २००२ पासून त्यात अट आहे, ट्रायल सुरू झाल्यावर दुरुस्ती हवी तर पूर्ण काळजी घेऊनही हे आधी मांडता आलं नसतं असं कोर्टाला पटवावं लागते. आणि शपथपत्र दाखल झालं की ट्रायल सुरू झालीच असं धरतात म्हणे. शिवाय नुसतं 'फसवणूक' लिहून भागत नाही, त्याच ऑर्डरच्या रूल ४ प्रमाणे तपशील तारखेसकट लागतो.

समोरचे वकील म्हणणारच की दस्त २०२० पासून माहीत होता, दस्ताला आव्हान द्यायची तीन वर्षांची मुदत गेली. आमचं म्हणणं, दस्त माहीत होता पण अंगठा आत्ता कळला, मग मुदत, मुदत कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, फसवणूक कळल्यापासून नाही का धरायची? आणि आईच्या जागी दुसरीच बाई उभी केली असेल तर असा दस्त रद्द करून मागावा लागते का, का मुळातच बिनकामाचा?

वकिलाची चूक अर्जात लिहिली तर कोर्ट ऐकते का? अंगठ्याच्या तपासणीचा अर्ज आधी द्यायचा का दुरुस्तीसोबतच? कोणाची अशी दुरुस्ती मंजूर झाली असेल तर अर्जासोबत काय काय जोडलं होतं तेवढं सांगा, पुढच्या तारखेला आईची उलटतपासणी आहे.