मदत हवी आहे: मेंदीच्या केसांवर ब्राऊन कलर, घरी की पार्लरमध्ये?

आईचे केस बरेचसे पांढरे, वर्षानुवर्षं मेंदी. मुळांशी पांढरी रेघ, खाली भडक नारिंगी. आता तिला गडद ब्राऊन हवाय. काळ्या मेंदीने तिच्या कपाळावर, कानामागे पुरळ आलं होतं. पाकिटावर पीपीडी (केसांच्या डायमधलं, अ‍ॅलर्जी करू शकणारं रसायन) लिहिलेलं. त्वचेच्या डॉक्टरांनी पीपीडी आणि पीटीडी (त्याच जातीचं दुसरं डाय-रसायन) दोन्ही टाळायला सांगितलंय. अमोनिया-फ्री म्हणजे पीपीडी-फ्री नव्हे, हे माहीत आहे. 48 तास आधी पॅच टेस्ट करणारच.

पार्लरवाली म्हणते, मेंदीत धातूचे क्षार असतील तर कलरमधल्या पेरॉक्साइडने केस तापून तुटतात, आधी एक बट तपासू. तिच्याकडचे कलर मात्र पीपीडीवालेच.

हे दोन्ही घटक नसलेला, पांढरे केस खरंच झाकणारा कुठला कलर तुम्ही वापरलाय? आणि आपला कलर नेला तर पार्लरमध्ये लावून देतात का?