विषय: नाटकांच्या टेपांच्या मोठ्या फाइली सर्व्हरवर जाताना अडकतात

प्रेषक: ग्रंथालय समिती

नमस्कार मंडळी,

मंडळाच्या जुन्या नाटकांच्या मिनीडीव्ही टेपा माझ्या डेस्कटॉपवर उतरवून झाल्या. आता त्या आमच्या बेसमेंटमधल्या मंडळाच्या नॅसवर (नेटवर्कला जोडलेल्या फाइल साठवणीच्या सर्व्हरवर) टाकायच्या आहेत. एका तासाच्या टेपची फाइल साधारण १३ जीबीची होते. फोटो, पीडीएफ बिनबोभाट जातात. टेपांचा फोल्डर टाकला की मात्र वेग सेकंदाला ११ एमबीच्या वर सरकत नाही आणि रात्री कधीतरी 'नेटवर्क उपलब्ध नाही' म्हणून सगळं बंद पडतं. सकाळी पाहावं तर अर्धवट फाइल. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

या नाटकांत काम केलेली काही माणसं आता आपल्यात नाहीत. टेपाही इतक्या जुन्या आहेत की पुन्हा नीट वाजतील याचा भरवसा वाटत नाही. कोणी मदत करेल का?

प्रेषक: एक ज्येष्ठ सभासद

अगं, नेटवर्कच्या भानगडीत कशाला पडतेस? पेनड्राइव्हवर घे आणि खाली नेऊन नॅसला लाव. माझ्याकडे दोन-तीन पडून आहेत, रविवारी हॉलवर घेऊन येतो.

प्रेषक: संकेतस्थळ समिती

ताई, काका, नमस्कार.

काका, पेनड्राइव्ह जरूर आणा, पण आधी त्याचा फॉरमॅट बघावा लागेल. जुने पेनड्राइव्ह बहुधा फॅट३२ या जुन्या फॉरमॅटचे असतात आणि त्यावर ४ जीबीची एक फाइलही मावत नाही. कितीही जागा रिकामी असली तरी 'फाइल फार मोठी आहे' असंच उत्तर येतं. मोठ्या फाइली चालणाऱ्या एक्सफॅट फॉरमॅटचा करून घेतला तर चालेल.

ताई, तुमच्या मेलमधला ११ हा आकडा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. गिगाबिट, म्हणजे १००० मेगाबिटच्या, जोडणीवर मोठी फाइल सेकंदाला ११० एमबीच्या आसपास जाते. १०० मेगाबिटची जोडणी पूर्ण भरली की ११-१२ एमबी मिळतात. म्हणजे तुमचा डेस्कटॉप किंवा नॅसची डिस्क मंद आहे असं वाटत नाही. वाटेत कुठेतरी जोडणी १०० वर उतरली आहे. केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. गिगाबिटला चारही लागतात, १०० ला दोन पुरतात. एखादी जोडी तुटली तर बरीच कार्डं मुकाट्याने १०० वर येतात. एरर येत नाही, दिवा लागलेलाच असतो, म्हणून कोणाला संशयही येत नाही.

विंडोजच्या इथरनेट सेटिंगमध्ये 'लिंक स्पीड' बघा. पण तिथे फक्त डेस्कटॉप ते राउटर एवढाच टप्पा कळतो. राउटर ते नॅस हा टप्पा नॅसच्या नेटवर्क पानावर दिसेल. दोन्ही बघितल्याशिवाय काही बदलू नका. इंटरनेटवर कोणी जंबो फ्रेम, म्हणजे नेटवर्कवरून जाणाऱ्या माहितीच्या एकेका तुकड्याचा आकार, ९००० बाइट करायला सांगेल, त्याच्या वाटेलाही जाऊ नका. वाटेतल्या एका जरी उपकरणाला ते झेपलं नाही तर लहान फाइली जातात आणि मोठ्या लटकतात, म्हणजे आत्ताच्या दुखण्यात भरच.

रात्री तुटण्यामागे मशीन झोपी जाणं असू शकतं. स्लीप 'कधीच नाही' करा आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डाची 'वीज वाचवण्यासाठी बंद करू द्या' ही खूण काढा.

माउसने ओढून टाकण्याऐवजी रोबोकॉपी ही विंडोजमधली फाइली कॉपी करण्याची आज्ञा वापरा. तिच्या झेड पर्यायाने तुटलेली फाइल जिथे थांबली तिथून पुढे जाते. आर (किती वेळा पुन्हा प्रयत्न) आणि डब्ल्यू (मध्ये किती सेकंद थांबायचं) हे पर्याय मात्र स्वतः द्या, ३ आणि १० पुरेत. न दिल्यास एकेका फाइलसाठी ती ३०-३० सेकंद थांबत १० लाख वेळा प्रयत्न करते.

प्रेषक: ग्रंथालय समिती

डेस्कटॉपकडे १०००, नॅसकडे १००! खाली जाऊन केबल हाताने चाचपत गेले. बेसमेंटच्या दाराच्या फटीत ती अगदी चपटी झाली होती आणि आवरणातून तांबं दिसत होतं. नवी केबल दाराच्या वरून नेली. आता ११२ दाखवतंय. पण थोड्या वेळाने ७० पर्यंत उतरतं. अजून काही बिघाड आहे का?

प्रेषक: संकेतस्थळ समिती

नाही ताई, काळजी करू नका. सुरुवातीला नॅस आपल्या मेमरीत भराभर घेतो. ती भरली की डिस्कला झेपेल त्या वेगाने लिहितो. ७० हा खरा टिकाऊ वेग दिसतो. त्या हिशेबाने एक टेप तीन-चार मिनिटांत जाईल.

आता एक गोष्ट मनापासून सांगतो. दोन्हीकडे फाइलचा आकार सारखा दिसला म्हणून डेस्कटॉपवरची प्रत पुसू नका. आधीच्या प्रयत्नांतल्या अर्धवट फाइली काढून टाका, मग प्रत्येक टेपचा शा-२५६ हॅश, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारा अक्षर-अंकांचा ठसा, काढा. विंडोजवर तो सर्टयूटिल या आज्ञेने निघतो. नॅसवरच्या प्रतीचा हॅश नॅसवरच काढा, म्हणजे डिस्कवर काय लिहिलं गेलं ते कळेल. एक अक्षर जरी वेगळं आलं तरी ती फाइल पुन्हा पाठवा. जागा वाचवायला कोणी एमपी४ करून मूळ डीव्ही फाइल काढून टाका म्हणालं तर कृपया ऐकू नका. पाहण्यासाठी एमपी४ वेगळी करू, मूळ फाइल तशीच राहू द्या.

दोन्हीकडच्या हॅशच्या याद्या मला पाठवा, मी ताडून बघतो. काका, एक्सफॅट केलेला पेनड्राइव्ह रविवारी आणाच. तिसरी प्रत ताईंच्या घराबाहेर कुठेतरी असायला हवी.