दोन वेगळे 'दहा'

विंडोज एक्सपीची टीसीपीआयपी डॉट सिस (नेटवर्क जोडण्या सांभाळणारी सिस्टिम फाइल) पॅच केली, म्हणजे तिच्यात फेरफार केला, की शेअर्ड फोल्डरला दहापेक्षा जास्त मशीन जोडता येतील, असं काही जण सुचवतात. नाही येणार. सर्व्हिस पॅक 2 ने (2004) त्या फाइलमध्ये घातलेली दहाची मर्यादा बाहेर जाणाऱ्या, समोरून अजून उत्तर न आलेल्या जोडण्यांची आहे. ती भरली की इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजची नोंदवही) 4226 क्रमांकाचा इशारा उमटतो आणि पुढच्या जोडण्या रांगेत थांबतात, तुटत नाहीत. (टॉरेंटसारखं एकदम खूप जोडण्या उघडणारं काही बंद असूनही 4226 येत असेल तर आधी व्हायरस शोधा.) शिवाय पॅच केलीत तरी विंडोज फाइल प्रोटेक्शन (सिस्टिम फाइल्स जपणारी सोय) डीएलएलकॅश या राखीव प्रतींच्या फोल्डरमधली मूळ फाइल परत आणून ठेवतं.

दुसरा दहा शेअरिंगचा, म्हणजे तुमच्या मशीनला एका वेळी किती मशीन जोडता येतील त्याचा. तो आकडा थेट विंडोजच्या परवान्यात आहे: एक्सपी प्रोला 10, होमला 5, विंडोज 7 प्रोला 20. कमांड प्रॉम्प्टवर 'नेट कॉन्फिग सर्व्हर' दिलंत की दिसतो. रिकाम्या बसलेल्या जोडण्या जागा अडवतात. त्याच कमांडला '/ऑटोडिस्कनेक्ट:5' जोडा, म्हणजे 15 ऐवजी 5 मिनिटांत सुटतील. एवढं परवान्यात बसतं. मध्ये एखादं मशीन घालून जोडण्या एकत्र केल्या तरी मागची सगळी यंत्रं मोजली जातात, तेव्हा ती पळवाट नाही. अकरावं मशीन हवंच असेल तर लिनक्सवर सांबा (विंडोज मशीनना फोल्डर शेअर करणारं सॉफ्टवेअर) टाका, किंवा विंडोज सर्व्हर आणि लागतील तेवढे क्लायंट परवाने (सर्व्हरला जोडण्याचे परवाने) घ्या.